पॉवर चकवर सैल केलेली अंगठी

एमआयडीसी, अमरावती
बुधवार

आदरणीय उत्तमराव,

तुम्हाला आणि बेबीताईंना आमचा नमस्कार. ताजी बातमी आधी लिहून टाकतो, कुशल विचारत बसलो तर माझी हिंमत निघून जाईल. धोंड्याच्या जेवणात सासरे म्हणून मामाजींनी माझ्या बोटात घातलेली अंगठी आता अंगठी राहिलेली नाही. हे मी एकटा म्हणत नाही. इथल्या सराफ्यातले म्हातारे लोणकर सोनार यांनी आज सकाळी डोळ्याला भिंग लावून, वस्तू दोनदा उलटीपालटी करून तसं पक्कं सांगितलं. (तिसऱ्यांदा पाहा म्हटलं तर त्यांनी भिंग माझ्याच हातात दिलं.) त्यांच्या मते ती सध्या वाकडी पट्टी आहे.

आता कुशल. तुमचा गुडघा कसा आहे? बेबीताईंची साखर ताब्यात आहे ना? धोंड्याला मामाजींकडे परतवाड्याला त्यांनी अनारसे मोजून खाल्ले, पण मोजणारे आपण दोघंच होतो, म्हणून विचारतो. इकडे ऊन अजून हटायला तयार नाही. शेडचा पत्रा तापतो आणि दुपारी लेथला हात लावला तर लेथच आधी हात काढून घेईल असं वाटतं. तुम्ही म्हणाल, एवढं सगळं फोनवर का नाही बोलत? उत्तमराव, तुमचा फोन बेबीताई उचलतात. तुमचं व्हाट्सअ‍ॅप त्या वाचतात, भावना माझं वाचते, आणि दोघी बहिणी संध्याकाळी एकमेकींना वाचून दाखवतात. आपण दोघं साडभाऊ या घरात कायम सार्वजनिक राहिलो. म्हणून हे पत्र. उद्या सकाळी दालमिलचा ड्रायव्हर बुशांची पेटी घेऊन अकोल्याला निघेल, तो जठारपेठेत तुमच्या विम्याच्या ऑफिसात येऊन फक्त तुमच्याच हातात देईल. घरी नेऊ नका. वाचून झाल्यावर काय करायचं ते मी सांगायला नको, तुम्ही एवढे सावध की बसच्या तिकिटाचे तुकडे करून दोन वेगवेगळ्या डब्यांत टाकता.

तर झालं असं की आपल्याकडे नवीन पॉवर चक आला. लेथच्या तोंडाशी तीन जबड्यांची जी मूठ असते ना, लोखंडाला धरून फिरवणारी, तिला चक म्हणतात हे तुम्हाला विमा उतरवताना मी समजावलं होतं (आणि तुम्ही ‘हां हां’ म्हणत फॉर्मवर ‘चाक’ लिहिलं होतं). जुना चक हाताने, चावीने आवळायचा. नव्यात ते काम तेलाचा दाब करतो. मागे सिलिंडर, बाजूला तेलाची टाकी आणि पंप, खाली पायापाशी पेडल. पेडल दाबलं की जबडे डोळ्याची पापणी मिटावी तसे मिटतात, पुन्हा दाबलं की उघडतात. दाब किती ठेवायचा ते गेजवर काट्याने दिसतं. भक्कम लोखंडाला जास्त, पातळ जॉबला कमी. आणि पोकळ बुश, म्हणजे नळीचा आखूड तुकडा, असेल तर एक बटण फिरवून तो आतूनही धरता येतो, म्हणजे जबडे बुशाच्या पोटात जाऊन बाहेरच्या बाजूला फाकतात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ते नको तितकं लक्षात ठेवलं.

बसवतानाच आमची अब्रू जायची होती. पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर आला होता. त्याने वीज बंद केली, लेथच्या स्पिंडलचं, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याचं, तोंड पांढऱ्या फडक्याने असं पुसलं की घरी कोणी एवढं देवाचं ताटही पुसत नसेल. मग तो डबा खायला गेला. तेवढ्यात भावना पूजेचं ताट घेऊन आली, आणि नवीन वस्तू जिथे बसणार तिथेच हळदीकुंकू वाहिलं पाहिजे हे मीच तिला सुचवलं. इंजिनिअर परत आला, चक चेन-पुलीने उचलला, बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले, उचलायला लावलेली कडी आठवणीने काढली (ती राहिली आणि मशीन फिरलं तर कडी बंदुकीच्या गोळीसारखी जाते म्हणाला), आणि केसभर वाकडेपणाही काट्याने दाखवणारी डायल लावून चक हाताने फिरवला. काटा नाचायला लागला. त्याने पुन्हा आवळलं, पुन्हा नाचला. शेवटी अख्खा चक उतरवला तेव्हा मागच्या सपाट तोंडावर कुंकवाचा एक ठिपका आणि एक तांदूळ निघाला, पार चपटा झालेला. त्याने तो तांदूळ चिमटीत धरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “हे तुमच्याकडे कंपल्सरी असतं का?” मी म्हणालो, जागा चुकली, बाकी असतं. मग पूजा पंपाच्या बाजूला हलवली आणि गेजवर झेंडूचा हार घातला.

जाताना तो दोन तास शिकवून गेला आणि माझ्या अंगात आलं. उत्तमराव, मी पेंटरला बोलावून भिंतीवर मोठा बोर्ड लिहून घेतला. रोज सकाळी चकला ग्रीस. चुरा हवेने नाही, ब्रशने काढा. दरवाजा बंद झाल्याशिवाय फिरवू नका. जबडे उघड-मीट होताना बोटं लांब. पातळ जॉबला दाब कमी करा. आणि सगळ्यात वर, लाल अक्षरात, अंगठी, कडं, गळ्यातला धागा, लोंबता कपडा घालून मशीनजवळ यायचं नाही. खाली ‘हुकुमावरून’. कोणाच्या हुकुमावरून ते लिहिलं नाही, कारण शेडमध्ये मालक मी एकटा आणि कामगार अब्दुल गफ्फारभाई धरून चार. गफ्फारभाई म्हणजे आमचे जुने ऑपरेटर, हाताने चक आवळून ज्यांचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झालाय ते. त्यांना पॉवर चक पहिल्या दिवसापासून पटला नाही. त्यांनी त्याचं नाव ‘जावईबापू’ ठेवलं. रोज खाऊ घाला, पुसा, कामाला लावायच्या आधी मिजाज बघा. हे ते माझ्याकडे बघत म्हणाले.

त्यातच धोंड्याचं जेवण झालं. त्या दिवशीचं तुम्हाला काय सांगू, तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात. मागच्या अधिक महिन्यात सासूबाई होत्या. पुढच्या धोंड्याला दोन्ही जावयांना अंगठ्या, असं त्या बोलून गेल्या होत्या. पुढचा धोंडा त्यांना मिळाला नाही. मामाजींनी मात्र बायकोचा, चतुराबाईंचा, शब्द ठेवला. त्यांची पाटली सोनाराला वितळवू दिली नाही, तिच्या पट्ट्या कापून, वरची गव्हाची नक्षी तशीच ठेवून आपल्या दोघांच्या अंगठ्या करवल्या. तुम्ही डोळे पुसले ते मी पाहिलं. मी पुसले नाहीत, कारण अंगठी बोटात घालताना अडकली होती आणि मामाजी ती ढकलत होते. माप त्यांनी माझ्या लग्नातलं काढलं होतं. ते बोट आता कुठे राहिलंय? मी हसून ‘बसली, बसली’ म्हणालो. बसली होती खरी, पण निघायचं नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेडवर पोचलो. गफ्फारभाईंना दाब कसा तपासायचा ते शिकवायला हात पुढे केला, तर त्यांनी मशीनचं मेन स्विचच बंद केलं. बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाले, “शेठ, पयले अंगठी काढा, मंग मले शिकवा.” बाकीची तिघं पोरं कामं सोडून बघायला लागली. साबण लावला, मशीनचं कुलंटचं पाणी लावलं, शेवटी ग्रीस लावून निघाली, आणि बोट वांग्यासारखं सुजलं. मग ती पुन्हा सांध्यापुढे जाईना. मी ती टेबलाच्या खणात ठेवली आणि भावनाला सांगितलं की सेफ्टीसाठी काढली. उत्तमराव, माझ्या लाजेचं पहिलं कारण इथे आहे. तिला एवढा अभिमान वाटला की तिने शेजारी माणिकबाईंना बोलावून सांगितलं, आमच्या ह्यांच्याकडे नियम म्हणजे नियम, मालकालाही सूट नाही. मी बाजूला चहा पीत होतो आणि मान हलवत होतो.

मग कळलं की येत्या रविवारी मामाजी मशीन बघायला येतायत. बसवायच्या वेळी त्यांना बरं नव्हतं. भावना म्हणाली, त्या दिवशी सुट्टीच असणार, अंगठी बोटात दिसली पाहिजे. आता शहाणा माणूस काय करेल? सोनाराकडे जाईल. सोनाराकडे निमुळता दांडा असतो, त्यावर अंगठी चढवून तो हळूहळू ठोकतो आणि चहा थंड व्हायच्या आत परत देतो. पण माझ्याकडे नवीन पॉवर चक होता. काल दालमिलच्या छोट्या पितळी बुशांचं काम लागलं होतं. त्यासाठी जबड्यांची टोकं बारीक करून घेतली होती, म्हणजे बुश आतून धरता येईल. दुपारी मी खणातली अंगठी घेऊन सहज त्या टोकांवर लावून पाहिली. बरोब्बर बसली. देवाने त्याच मापाची केली असावी. मला वाटलं, दाब अगदी कमी ठेवायचा, पेडलला नुसता स्पर्श, जबडे जरासे फाकतील, अंगठी केसभर मोठी. आणि मामाजींना सांगता येईल की तुमची अंगठी आपल्याच मशीनवर मापाची केली.

दाब मी कमी केला, हे लक्षात घ्या. पंपावर एकासारखे एक दोन गेज आहेत, एक चकचा, दुसरा लेथच्या मागच्या टोकाचा, दोघांना दाब कमीजास्त करायची आपापली मूठ. कोणता कोणाचा ते मी स्वतः चिठ्ठ्या चिकटवून लिहिलं होतं. चिठ्ठ्यांवर पूजेचा हार होता. वाळलेला, पण होता. (देवाचा हार मीच काढू नका म्हणालो होतो.) मी हाराखाली हात घालून जी मूठ सापडली ती फिरवली आणि जो काटा हारातून दिसत होता तो खाली आलेला पाहिला. तो मागच्या टोकाचा होता. चकचा दाब सकाळपासून बुशांसाठी ठेवला होता तसाच होता, आणि अंगठीला तो फार होता.

गफ्फारभाई लांबून सगळं बघत होते. मी स्वतः मशीनजवळ गेलो की ते नेहमीच काहीतरी सावधगिरी घेतात. त्या वेळी त्यांनी डोळ्यांवरचा गॉगल, जो ते एरवी कपाळावर ठेवतात, खाली ओढला. मी पेडलवर पाय टेकवला. स्पर्शच, उत्तमराव, शपथेवर सांगतो. पण पेडलला माझा स्पर्श आणि माझी लाथ यातला फरक कळत नाही. त्याला चालू आणि बंद एवढंच कळतं. अंगठी गोलाची त्रिकोणी झालेली मी पाहिली. पुढचं पाहिलं नाही. टिच्च असा बारीक आवाज आला, आणि गफ्फारभाईंच्या बाजूला काचेवर काहीतरी आपटलं.

आता जे लिहितो ते वाचून माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू द्या. मी वळलो तेव्हा गफ्फारभाई चेहऱ्यावर हात धरून खाली बसले होते. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “अंगठी कुठे गेली?”

त्यांना काही झालं नव्हतं. गॉगलच्या काचेला डोळ्याच्या समोर चांगली लांब चीर गेली होती, बस. पण ते मला नंतर कळलं. तोवर मी चुऱ्याच्या ट्रेमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. ट्रे सकाळपासूनच्या पितळी चुऱ्याने भरलेला. पितळ पिवळं, सोनं पिवळं, वर तेल. मी ओरडून लोहचुंबक मागवलं. एक पोरगा आणायला पळालासुद्धा. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की चुंबकाला पितळही चिकटत नाही आणि सोनंही नाही, तरी मालकाने मागितलं म्हणून त्यांनी ते माझ्या हातात दिलं, आणि मी ते बराच वेळ फिरवलं. सगळी पोरं चुरा चाळत बसली. बोर्डाखालीच बसली. शेवटी गफ्फारभाईंनी तंबाखूसाठी शर्टाच्या खिशात हात घातला आणि चुन्याच्या डबीशेजारून ती पट्टी काढून मला दिली. काचेवर आपटून खिशातच पडली होती. देताना एवढंच म्हणाले, “जावईबापूचं काम झालं का?” यातला जावई कोणता, ते मी विचारलं नाही.

लोणकर सोनारांचं म्हणणं असं की वितळवून नवी अंगठी कधीही होईल, पण जिथे फाटली तिथे गव्हाचे दाणे तुटलेत आणि बाकीचे ताणून पुसट झालेत. ही जुनी हातची नक्षी आहे, तशी आता कोणी काढत नाही, आणि सांधलं तर ज्याने पाटली पाहिली आहे त्याला ते पहिल्या नजरेत कळेल. मामाजींनी ती पाटली चाळीस वर्षं रोज पाहिली आहे.

असो. पोरांना आशीर्वाद. बेबीताईंना सांगा, लिंबाचं लोणचं छान मुरलं. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा साडभाऊ,
देवीदास

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण वर राहून गेलं. तुमची अंगठी मला रविवारपुरती हवी आहे. त्याच पाटलीची, त्याच नक्षीची, मामाजींना फरक कळायचा नाही. ड्रायव्हर शुक्रवारी परत येतो, रिकाम्या पेटीत कापसात गुंडाळून द्या. तुमची कुठे आहे विचारलं तर ‘बँकेच्या लॉकरमध्ये’ म्हणा. तुमच्याबद्दल कोणालाही शंका येणार नाही, तुम्ही लग्नातला सूट पण लॉकरमध्ये ठेवायला निघाला होतात.

ता. क. दुसरा. तुमचं बोट माझ्यापेक्षा जाड आहे, तेव्हा ती मला सैलच होईल. मी आतून दोरा गुंडाळीन. मशीनजवळ नेणार नाही. हार काढला आहे. मशीनच्या विम्यात, चालू मशीनवर मालकाने घरचं सोनं लावलं तर काय, याबद्दल काही कलम असेल तर मात्र मला सांगू नका.

ता. क. तिसरा. हे संध्याकाळी जोडतो आहे, वरचे दोन्ही खोडले असं समजा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात भावना आली आणि टेबलावर ती पट्टी तिला दिसली. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता काय काय ऐकावं लागेल. तिने पट्टी हातात घेतली, बराच वेळ आईच्या नक्षीवरून अंगठा फिरवत राहिली आणि म्हणाली, “कोणाले लागलं तं नाही ना?” उत्तमराव, लाज कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, गफ्फारभाईंचा गॉगल होता म्हणून. तिने विचारलं, मग त्यांना नवीन गॉगल आणला का? नव्हता आणला. काल चुरा चाळत होतो, आज सकाळी सोनाराच्या दुकानात. तशीच चप्पल घालून मला घेऊन निघाली. वाटेत नवीन गॉगल घेतला, गफ्फारभाईंच्या घरी जाऊन दिला, माफी मागितली. शकीलाभाभींनी चहा दिला आणि तो फुटका गॉगल माझ्यासमोर ठेवला. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

घरी आलो तर मामाजींचा फोन. आवाज खुशीत. म्हणाले, पाटलीचा एक तुकडा उरला होता, त्याची त्यांनी स्वतःसाठी पण अंगठी करून घेतली आहे. पण उन्हाने बोटं सुजतात, घट्ट होते. परतवाड्याचा सोनार चकरा मारायला लावून राहिला. तेव्हा रविवारी ती घालूनच येतो. “तुमी तुमच्या नव्या मशीनवर जराशी सैल करून द्या, जावईबापू. म्हाताऱ्याले तेवढंच कौतुक.”

म्हणून तुमची अंगठी पाठवू नका. तुम्ही स्वतः या. बेबीताईंना घेऊन सकाळच्या बसने निघा आणि मामाजींच्या आधी शेडवर पोचा. तुम्ही काही बोलू नका, फक्त माझ्या शेजारी उभे राहा. भावना चहा करेल, मशीन बंद असेल, गफ्फारभाईंनी सुट्टी असूनही यायचं कबूल केलं आहे (कारण विचारलं तर हसले). मामाजी खुर्चीवर बसतील, चक बघतील, आणि बोटातली अंगठी काढायला लागतील. तेव्हा मी पट्टी त्यांच्यासमोर ठेवून सांगायला सुरुवात करेन. त्यांची घट्ट आहे, निघायला वेळ लागेल. तेवढ्यात माझं सांगून व्हायला पाहिजे.